उपवासकाळातलं समीकरण

सेंट पॉलिकार्प हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवायला माणूस नव्हता. आधीचे फेबियन सर मस्कतला गेले आणि जाताना प्रयोगशाळेची किल्ली तेवढी मागे ठेवून गेले. शाळा समितीची तातडीची सभा भरली. तातडीची सभा म्हणजे जिच्यात चहाबरोबर बिस्किटं नसतात ती. अर्जांची छाननी झाली. अर्ज आलेच नव्हते, त्यामुळे छाननी लवकर आटोपली. शेवटी मुख्याध्यापक फर्डिनंड सरांनी नियमात बसणारा तोडगा काढला. ज्याच्याकडे सगळ्यात कमी तास, त्याच्याकडे रसायनशास्त्र. सगळ्यात कमी तास होते इतिहासाचा हंगामी शिक्षक सिप्रियन याच्याकडे.

“सर, मी बी. ए. आहे. इतिहास घेऊन,” सिप्रियन म्हणाला.

“मग? रसायनशास्त्राला इतिहास नाही होय?”

“पण मला त्यातलं काही येत नाही.”

“येणाऱ्याला ठेवून काय झालं? मस्कतला गेला,” फर्डिनंड सर म्हणाले. “न येणारा कुठे जाणार?”

सिप्रियनला खरंच कुठे जायचं नव्हतं. त्याला त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर, पण कायम व्हायचं होतं. दरवर्षी एप्रिलात त्याची नोकरी सुटे आणि जूनमध्ये पुन्हा लागे. मधल्या काळात तो रुडॉल्फच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून पोट भरी. आगाशीच्या आल्बर्टची मुलगी लिडिया त्याच्याशी लग्न करायला तयार होती, आल्बर्ट नव्हता. “हंगामी माणसाला पोरगी द्यायची म्हणजे पोरगीपण हंगामी द्यायची काय?” असं तो चर्चच्या आवारात, चार लोक ऐकतील अशा बेतानं विचारायचा. हा प्रश्न सिप्रियनला रसायनशास्त्रापेक्षा अवघड वाटे.

फर्डिनंड सरांनी त्याची अडचण ओळखली आणि तिचा शाळेच्या हितासाठी वापर केला. ऐंशी सालच्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला जे विद्यार्थी बसणार होते, त्यांचा विज्ञानाचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर गेला तर सिप्रियन कायम. खाली आला तर जूनमध्ये त्याची जागा दुसऱ्यानं भरायची. “यात वैयक्तिक काही नाही,” सर म्हणाले. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा असला की ते हे वाक्य आधी म्हणत.

सिप्रियननं पुस्तक उघडलं. समीकरणं पाहून त्याला चर्चच्या जुन्या फरशीवरचं लॅटिन आठवलं. पवित्र असणार, जुनं असणार, आपल्या कामाचं नसणार. ती समजून घेण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, नाही असं नाही. पण अभ्यासक्रम मोठा होता आणि समजून घेण्याला वेळापत्रकात तास दिलेला नव्हता. राहिलं पाठांतर.

गावात पाठांतराच्या मान्यता पावलेल्या पद्धती होत्या. पहाटे उठणं, बदाम खाणं, शंभर वेळा लिहिणं आणि सेंट अँथनीला मेणबत्ती लावणं. बदाम परवडत नव्हते. पहाटे उठलेली पोरं वहीवर डोकं ठेवून पुन्हा झोपत. शंभर वेळा लिहिताना ती आधी वरपासून खालपर्यंत नुसते ‘झेड’ लिहून काढत, मग त्यांना शेपट्या लावाव्या तसे ‘एन’ लावत. हातांना व्यायाम होई, डोक्याला विश्रांती. मेणबत्तीबद्दल फादरांचं म्हणणं वेगळंच होतं. सेंट अँथनी हरवलेली वस्तू शोधून देतो, पण जी कधी हाताशी आलीच नाही ती हरवली असं कसं म्हणायचं?

मग नोव्हेंबर उजाडला आणि लग्नं सुरू झाली. एका लग्नात सिप्रियन क्लॅरिनेट फुंकत असताना त्याला मांडवात दहावीचा अख्खा वर्ग दिसला. जी पोरं पाण्याचं सूत्र विचारलं तर छपराकडे बघायची, ती पोरं लग्नाची गाणी कडव्यामागून कडवी, न अडखळता, जेवणाच्या पंगतीपर्यंत म्हणत होती. सिप्रियनच्या तोंडून क्लॅरिनेट सुटलं. रुडॉल्फनं त्याला तिथंच आईवरून विचारलं, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात क्लॅरिनेट नेलं. जस्तावर हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की काय होतं हे सेंट पॉलिकार्पमध्ये त्या दिवशी प्रथमच घुमलं:

“झेडएन घाला, दोन एचसीएल घाला,
बाण आला गो, बाण आला!
झेडएन सीएल टू खाली राहिला,
एच टू वर गेला गो, वर गेला!”

‘बाण आला’ म्हणताना सगळ्यांनी बाकावर थाप मारायची आणि ‘वर गेला’ म्हणताना हात वर करायचे, कारण वायू वर जातो. खाली बसणाऱ्या साक्याला हात खाली. आठवड्याभरात वर्गाला सगळी समीकरणं तोंडपाठ झाली. महिन्याभरात गावाला झाली. विहिरीवर बायका बाण आणू लागल्या. एका लग्नात नवरीकडच्या पोरींनी अमोनियाचं समीकरण म्हटलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गाण्यामुळे की पुढच्या विचारानं, हे कळायला मार्ग नव्हता.

एकट्या एमिलीनं पहिल्या दिवशी हात वर केला. वायू नसताना. एमिली ही केळी-सुपारीची वाडी करणाऱ्या युजीनची मुलगी, शिडशिडीत, आणि प्रश्न विचारण्याची वाईट खोड असलेली.

“सर, एचसीएल दोन का?”

“चालीत बसतात म्हणून,” सिप्रियननं खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिनं घरी जाऊन सुपारीची खांडं मांडून दोन्ही बाजू मोजल्या होत्या. “बरोबर आहे सर. दोनच लागतात.” सिप्रियनला हायसं वाटलं. कुणीतरी मोजलं हे बरंच झालं, आता आपल्याला मोजायला नको.

जानेवारीत खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी सहज म्हणून एक समीकरण विचारलं, तर सगळा वर्ग उठून गायला लागला. निरीक्षकांनी पायानं ठेका धरला आणि जाताना शेरा लिहिला: ‘अध्यापनात लोककलेचा वापर स्तुत्य आहे. तथापि थापांमुळे होणारी बाकांची झीज नियमित नोंदवावी.’ फर्डिनंड सरांनी झीज मोजायला शिपाई नेमला. आल्बर्टनं चर्चबाहेर सिप्रियनला पहिल्यांदा “काय, बरा हायस ना?” असं विचारलं. एवढं सुख सिप्रियनला मानवणारं नव्हतंच.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ सुरू झाला. या दिवसांत वसईच्या ख्रिस्ती गावांत लग्न लागत नाही, बँड वाजत नाही, आणि लग्नाची चाल कुणी गुणगुणतही नाही. ईस्टरपर्यंत सगळं बंद. हा नियम सिप्रियनला बाळपणापासून ठाऊक होता. परीक्षा मार्चमध्ये असते हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांची बोलाचाली नव्हती.

गुरुवारी सकाळी गावातली मार्थाबाय चर्चमध्ये मिस्साला निघाली असताना युजीनच्या घरातून लग्नाची चाल ऐकू आली. एमिली उजळणी करत होती. मार्थाबाय शब्द ऐकायला थांबली नाही, शब्दांत तिला रस नव्हता. मिस्सा संपेपर्यंत गावाला कळलं होतं की युजीन उपवासकाळात पोरीचं लग्न करतोय. दुपारपर्यंत घाई का, याचं कारणही गावानं स्वखर्चानं तयार करून दिलं. संध्याकाळी युजीन वाडीतून आला तो कोयता हातात घेऊनच शाळेच्या पायरीवर बसला, आणि फादरांनी सगळ्यांना बोलावणं धाडलं.

फादरांच्या खोलीत फर्डिनंड सर होते, सिप्रियन होता, साक्षीला मार्थाबाय होती, आणि रुडॉल्फ होता, कारण बँडबरोबर चर्चचं गायनही तोच सांभाळायचा.

“पोरांनी अभ्यास करू नये असं माझं म्हणणं नाही,” फादर म्हणाले. “पण प्रभूच्या दुःखाच्या दिवसांत तुमचा हायड्रोजन असा नाचत वर जातो, हे बरं दिसत नाही.”

“चाल काढून घेतली तर पोरं नापास होतील, फादर,” सिप्रियन रडकुंडीला येऊन म्हणाला. त्याला चाळीस पोरं दिसत नव्हती, एक आल्बर्ट दिसत होता.

“मग चाल बदला. दुःखाची घ्या.”

हे सर्वांना पटलं. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत म्हणतात तशी एक संथ, जड चाल रुडॉल्फनं पेटीवर धरली. सिप्रियननं शब्द बसवले. ‘हे झेडएन’ छान बसलं. पुढे गाडी अडली.

“इथे ‘दोन’ बसत नाय,” रुडॉल्फ म्हणाला. “एचसीएलच्या आधी श्वास घ्यायचा असतो. तिथे तू दोन घुसवलास तर माणसं मरतील.”

“दोन काढता येणार नाहीत. ती एमिली म्हणत होती, दोनच लागतात.”

“एकानं अजिबात भागत नाही का?” फादरांनी विचारलं.

सिप्रियननं विचार केला. विचार करायला त्याच्याजवळ काही नव्हतं, तरी केला. “भागत असावं,” तो म्हणाला.

“न भागायला काय झालं?” मार्थाबाय कडाडली. “उपासाच्या दिवसांत मानसं दोन भाकऱ्यांची एक करतात. त्या ॲसिडला काय धाड भरली?”

“ईस्टर झाला की पुन्हा दोन करा,” असं फादरांनी सांगितलं आणि बैठक संपली. परीक्षा ईस्टरच्या आधी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सिप्रियनच्या आलं होतं. तो बोलला नाही, कारण प्रश्न सुटलेला होता आणि सुटलेला प्रश्न पुन्हा बांधायचा कुणी?

वर्गात नवी चाल सुरू झाली तेव्हा खाडीकाठच्या गावातला हरेश्वर उभा राहिला. “सर, आमाला उपास नाय. आमी दोनच म्हनू का?”

प्रश्न धोरणाचा होता, म्हणून तो वर गेला. फर्डिनंड सरांनी सूचना काढली: ‘शाळा एक, गणवेश एक, चाल एक. विद्यार्थ्यांनी धर्माचा विचार न करता उपवासकाळ पाळावा.’ हरेश्वर बिचारा बसला आणि एक म्हणू लागला.

एमिली बसली नाही. “सर, उजवीकडे क्लोरीन दोन आहेत. डावीकडे आता एकच राहिला. दुसरा कुठनं आला?”

सिप्रियनचे कान गरम झाले. पोरगी बरोबर बोलत होती हे त्याला कळत होतं. सगळ्या विज्ञानात त्याला कळलेली ती एकच गोष्ट होती. “ईस्टरपर्यंत थांब,” तो म्हणाला.

विज्ञानाचा पेपर शेजारच्या गावच्या केंद्रावर होता. दुसऱ्याच प्रश्नात ‘पुढील अभिक्रियांची संतुलित समीकरणे लिहा’ असं आलं. सेंट पॉलिकार्पचा वर्ग माना खाली घालून एका सुरात, दबक्या आवाजात म्हणू लागला: “हे झेडएन... हे एचसीएल... पडला बाण... पडला बाण...” वर्गावरचे पर्यवेक्षक वर्तमानपत्र वाचत होते. देशातलं कुणीतरी मोठं माणूस गेलं असणार असं समजून ते चटकन उभे राहिले आणि त्यांनी मान लववली. मान वर केली तेव्हा सगळ्या वर्गाचे हात वर होते.

“सगळ्यांना पुरवण्या हव्यात?” त्यांनी विचारलं. कुणी नको म्हणालं नाही, कारण तोंडं चालू होती. पुरवण्या वाटल्या. पुढचा वायू आला, पुन्हा हात वर गेले, पुन्हा पुरवण्या वाटल्या. तासाभरात केंद्रावरच्या पुरवण्या संपल्या आणि शेजारच्या वर्गातली खरोखर अभ्यास केलेली दोन मुलं कागदाविना बसून राहिली. केंद्रप्रमुखांनी वर कळवलं की सेंट पॉलिकार्पच्या मुलांची तयारी असामान्य दिसते. इथून चौकशीला सुरुवात झाली.

चौकशी अधिकारी मे महिन्यात आले. फर्डिनंड सरांनी त्यांच्यापुढे आगाशीची सुकेळी, म्हणजे पानात बांधलेली वाळवलेली केळी, ठेवली आणि सिप्रियनला भिंतीशी उभं केलं.

“सगळ्या वर्गानं झेडएनचं समीकरण चुकवलंय,” अधिकारी सुकेळ्यावरचं पान सोडवत म्हणाले. “चुकवल्याबद्दल आमची तक्रार नाही, तो विद्यार्थ्यांचा हक्क आहे. पण सगळ्यांची चूक एकच आहे. चुका वेगवेगळ्या असत्या तर आम्ही त्याला अभ्यास म्हटलं असतं. एकच आहे म्हणून तिला सामुदायिक कॉपी म्हणावं लागतं. सबंध वर्गाचा निकाल रद्द होईल.”

सिप्रियनला आल्बर्ट दिसला. मग लिडिया दिसली, पाठमोरी.

फर्डिनंड सरांनी मात्र चाळीस वर्षं शाळा चालवली होती. “साहेब, ती चूक नाही,” ते शांतपणे म्हणाले. “ते उपवासकाळातलं समीकरण आहे.”

अधिकाऱ्यांचं सुकेळं तोंडाशी थांबलं. “म्हणजे... धार्मिक?”

“फादरांच्या खोलीत ठरलेलं.”

अधिकाऱ्यांनी सुकेळं खाली ठेवलं, रुमालानं हात पुसले. सबंध नोकरीत त्यांनी दोन गोष्टींना हात लावला नव्हता, उघड्या वायरला आणि लोकांच्या भावनांना. “हे आधी सांगायचं नाही का?” ते म्हणाले. “मी केवढा घोटाळा करून बसलो असतो!” आणि त्यांनी तिथल्या तिथे लिहून टाकलं: ‘सदर समीकरण स्थानिक परंपरेस धरून असल्याने ग्राह्य मानण्यास हरकत नसावी.’ पुढे त्यांना न्यायबुद्धी सुचली. एकाच शाळेला सवलत दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल, म्हणून ‘एक एचसीएल’ येत्या वर्षापासून सगळ्याच शाळांत, सगळ्याच ऋतूंत लागू करावा, अशी शिफारसही त्यांनी खाली जोडली.

सिप्रियनचा जीव भांड्यात पडला. त्याला जवळजवळ हसू आलं. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी एक उत्तरपत्रिका बाजूला काढली.

“आता ही एक राहिली. हिनं दोन लिहिलेत.”

एमिलीला बोलावलं. ती दप्तर घेऊनच आली.

“हे दोन कुठून आणलेस?”

“मोजले.”

“कुणी सांगितलं मोजायला?”

“प्रश्नात लिहिलं होतं, संतुलित.”

“ते सगळ्यांच्याच प्रश्नपत्रिकेत लिहिलं होतं. बाकी कुणी मनावर घेतलं?” अधिकारी हळहळले. ते दुष्ट नव्हते, त्यांना फक्त फाईल बंद करायची होती. “हे बघ बेटा. एक शाळा, एक वर्ग, एक शिक्षक, एक समीकरण. वेगळं फक्त तुझं. शाळेत शिकवलं नाही ते पेपरात आलं, म्हणजे ते बाहेरून आलं. बाहेरून आलेल्याला आमच्या नियमांत एकच नाव आहे.”

“मी कॉपी नाही केली,” एमिलीचा आवाज चिरकला. “सरांनीच दोन शिकवले होते. नोव्हेंबरात. विचारा ना त्यांना.”

अधिकारी सिप्रियनकडे वळले. “शिकवले होते?”

आता गोष्ट अशी होती की सिप्रियननं ‘हो’ म्हटलं तर दोन बरोबर ठरत होते, दोन बरोबर ठरले तर एक चूक ठरत होता, आणि मग परंपरेचं पांघरूण निघून सबंध वर्ग पुन्हा कॉपीत जाऊन पडत होता. त्याच्याबरोबर नव्वद टक्के, कायमची खुर्ची आणि लिडिया. ‘नाही’ म्हटलं तर एक पोरगी. फर्डिनंड सरांनी भिंतीशी येऊन हळूच त्याच्या बुटावर बूट ठेवला. त्याची गरज नव्हती. माणसाला स्वतःसाठी खोटं बोलायचं असलं की त्याला आधी इतरांचं भलं आठवतं. सिप्रियनला त्या क्षणी आपल्या चाळीस विद्यार्थ्यांचं भवितव्य इतकं स्पष्ट आठवलं की डोळे भरून आले.

“आमच्या शाळेत एकच शिकवतात,” तो म्हणाला.

एमिली रडली असती तर सिप्रियनला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि निघून गेली.

जूनमध्ये निकाल लागला. एक निकाल राखून ठेवला होता, बाकी सगळे पास. फर्डिनंड सरांचा फाटकाजवळ सत्कार झाला. सिप्रियन कायम झाला. आल्बर्टनं पावसाळा संपायचीही वाट पाहिली नाही आणि ऑगस्टात लग्न लागलं. शिफारसही वर मान्य झाली. सगळ्या शाळांना ‘समीकरण गीते’ नावाची पुस्तिका आली, तिच्यात एक एचसीएल छापलेला होता, आणि मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून सिप्रियनचं नाव. त्यानं ती पुस्तिका कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवली. लिडियानं विचारलं, अशी लपवता का? तो म्हणाला, वाळवी लागते.

राखून ठेवलेल्या निकालाचंही पुढे उत्तर आलं. विज्ञान रद्द, विद्यार्थिनीनं ऑक्टोबरच्या परीक्षेला बसावं. सप्टेंबरच्या एका रविवारी, मिस्सा आटोपून सिप्रियन नुकताच घरी आला होता, तेव्हा युजीन दारात उभा राहिला. यावेळी त्याच्या हातात कोयता नव्हता, केळ्यांची फणी होती. मागे एमिली होती.

हा माणूस आपल्याला आता चारचौघांत उभा चिरणार, आणि ते योग्यच होईल, असं सिप्रियनला प्रामाणिकपणे वाटलं. पण युजीननं केळी ओट्यावर ठेवली आणि हात जोडले.

“सर, चुकलं पोरीचं. लहान हाय. आमच्यात आजवर दहावी कोन झाला नाय, म्हनून तिला कळलं नाय कसं वागायचं ते,” तो म्हणाला. “तिला तेवढं एक शिकवा.”

“युजीन, अरे, तिचं चुकलं नव्हतं,” सिप्रियनच्या तोंडून निघून गेलं. आत लिडियाचा भांड्यांचा आवाज थांबला.

“ते मना कळतं, सर,” युजीन म्हणाला. “मी पन मोजली सुपारीची खांडं. दोनच लागतात. पन मोजून पास होतात काय?”

एमिलीनं वही उघडली होती. पेन्सिल कागदावर टेकवून ती वाट बघत होती. “सर,” तिनं विचारलं, “परीक्षेत एक लिहू की दोन?”

सिप्रियनला सांगायचं होतं, दोन. अगदी ओठांवर आलं होतं. तो ओट्यावर बसला आणि नुसता केळ्यांकडे बघत राहिला.

आता वाचकहो, या माणसाला तुम्ही मघापासून मनातल्या मनात शिव्या देत आला आहात. द्या, त्याचीही हरकत नाही. पण तो तर काही बोलत नाही, आणि पोरगी ओट्यापाशी खोळंबली आहे. सहा महिने गेलेत, उरलेलं वर्ष जायच्या बेतात आहे. मुंबईच्या कॉलेजात जायची तिची इच्छा आहे. बाप हात जोडून उभा आहे. कुणीतरी तिला उत्तर द्यायला हवं. आणि तुम्ही, तुमच्या स्वतःच्या मुलांना आजवर जे सांगत आलात तेच, काळजीपोटी, भल्यासाठी, पटकन बोलून गेलात: “लिही गं बाई एक. आधी पास हो, मग काय मोजायचं ते मोज.”

एमिलीनं ते ऐकलं, मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.